गिळलेली लिपी

आमची लिपी पोटात आहे.
मामा हे सांगायचा तेव्हा पाठीवर तेजपत्त्याचा भारा,
पट्टा कपाळाला, मान वाकलेली,
त्यामुळे गोष्ट आधी वाटेतल्या दगडांना ऐकू जायची
आणि मग मला.

देवानं दोघांना बोलावलं होतं म्हणे,
एक सपाटीवरचा, एक आपला.
दोघांना अक्षरं दिली. परतताना नदीला पूर.
सपाटीवरच्यानं ती शेंडीला बांधली.
आपल्या माणसाला कुठली शेंडी!
त्यानं दातांत धरली.
मध्यावर नाकातोंडात पाणी गेलं
आणि अक्षरं उतरली घशाखाली.

मग?
मग काय. काठाला लागला, कपडे पिळले, सुपारी खाल्ली.
लोकांनी विचारलं, काय म्हणाला देव?
तो बोलायला लागला.
ख्रावसिंग मामाच्या मते अजून थांबलेला नाही.

नदीचं नाव दर खेपेला वेगळं.
मी चूक काढली की म्हणायचा,
पुरातली नदी नाव सांगत बसते का?

सोहऱ्याच्या खाली, जिथे डोंगर संपतो
आणि बांगलादेशाचं पाणी चकाकायला लागतं,
तिथे आम्ही अंतर सुपारीनं मोजतो.
बाजार तीन सुपाऱ्या, मावशीचं घर दीड.
ही गोष्ट एक.
रुसलेल्या सूर्याला आणायला कोंबडा गेला, ती दोन,
कारण मामाचं तोंड लाल झाल्याशिवाय
कोंबडा काही निघायचा नाही.

शिलाँगच्या होस्टेलात मी कविता लिहू लागले,
गोऱ्या पाद्र्यांनी आणलेल्या अक्षरांत.
बोटीतून आलेली ती, कोरडी ठणठणीत.
संपादक म्हणाले, छान आहे, पण झाडं फार झाली.
मी झाडं काढली.
उरलं ते कुणाचंही असतं तसं होतं.

दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो,
असं आई म्हणायची.
मी भर दुपारी त्याच्यासमोर रेकॉर्डर ठेवला.
दोनची सुमो गाठायची होती.
त्यानं घसा खाकरला, परीक्षेला बसल्यासारखी सांगितली,
नदीचं नाव त्या दिवशी घेतलंच नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो खरोखर चुकला.
घरापासून अर्ध्या सुपारीवर,
त्याच्या पणजोबानं मुळं वळवून केलेल्या पुलावर उभा.
मला विचारत होता,
बाई, पल्याड कुणाचं गाव?

हा आजार आहे, त्याला नाव आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय.
तरी.

मी त्याचा हात धरला आणि गोष्ट सुरू केली.
शेंडी, दात, पाणी.
नदीचं नाव काही सुचेना, तोंडाला आलं ते ठोकून दिलं.
मामा थांबला.
ती नव्हे, म्हणाला,
आणि एक नाव सांगितलं
जे मी त्याच्याकडूनही कधी ऐकलं नव्हतं.
मग पुढची सगळी त्यानंच सांगितली,
घराचं दार येईपर्यंत.

आता तो देवाच्या घरी सुपारी खातो.
आमच्यात मेला असं म्हणत नाहीत.
रेकॉर्डरमध्ये चार मिनिटं अकरा सेकंद आहेत:
पत्र्यावरचा पाऊस, अडकित्ता, कोंबडीला हाकललेलं,
मी दोनदा विचारलेलं, झालं का?
मधूनमधून गोष्ट.

झाडं मी परत आणली आहेत.
ती सांगितल्याप्रमाणे वागत नाहीत,
ओळीच्या बाहेर मुळं टाकतात, टाकू देत.
फक्त ते नाव अजून कागदावर आलेलं नाही.
रात्री लिहायला बसते,
पेनाचं टोपण दातांत, जुनी खोड.
पाऊस वाढतो.
पहिलं अक्षर काढायला जाते
आणि ठसका लागतो.